कालिंदीबाई भरून मिळतील

कालिंदी मांद्रेकरांनी आयुष्यभर एक हट्ट धरला नसता, तर मृदुला आठल्येच्या मागे हे शुक्लकाष्ठ लागलंच नसतं. हट्ट असा, की गाणार तर रेडिओवर, आणि तेही थेट. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांची माणसं त्यांच्या दारी चपला झिजवून थकली. "बरणीत घातलं की आंब्याचं लोणचं होतं, आंबा राहत नाही," असं म्हणून बाई त्यांना चहा पाजून परत पाठवायच्या. बरं, रेडिओ केंद्राने तरी ती गाणी जपावीत? तर तिथे फितींची टंचाई, म्हणून जुन्यावरच नवं मुद्रण करायची रीत. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर एकही ध्वनिमुद्रिका नव्हती. घरोघरच्या वेड्या चाहत्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, पोरांना दटावून गप्प बसवून कॅसेटवर जे उतरवून घेतलं, तेवढंच मागे उरलं. त्या गाण्यांत कुकरच्या शिट्ट्या होत्या, शिंका होत्या, आणि एका भैरवीत तर शेजारच्या म्हशीचं हंबरणंही होतं.

मृदुलाची आई या वेड्यांच्या पहिल्या रांगेतली. आई गेल्यावर मृदुलाने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, रत्नागिरीतल्या घराची माडी रिकामी केली आणि गावोगावच्या चाहत्यांकडून कॅसेट गोळा करून 'कालिंदीगान' ही साइट उभी केली. जाहिराती नाहीत, की कुणा शेटजींचं नाव नाही. सभासदांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि हवं तेव्हा बाईंना ऐकायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेची साइट चालवणाऱ्याने असलं काही म्हणू नये.

सभासद कमी होत होते, आणि तेही नाराज होऊन नव्हे. ते वारत होते. आठवड्यातून एखादा तरी निरोप यायचा, "बाबा गेले. वर्गणी थांबवावी ही विनंती." मुलांना कालिंदीबाईंशी देणंघेणं नव्हतं. आता यंत्रं मागाल त्या गळ्यात मागाल ते गाणं गाऊन दाखवत होती. शिंकांसकट जुनं गाणं ऐकायचं कशाला? त्यात दुष्काळात तेरावा महिना आला. देशातली सगळी विदाकोठारं, म्हणजे डेटा सेंटरं, थंड ठेवायला इतकं पाणी लागू लागलं होतं की सरकारने त्यांच्यावर पाण्याचा अधिभार लावला, आणि कोठारवाल्यांनी तो साइटवाल्यांच्या माथी मारला. मार्चअखेर वाढीव भाडं भरा, नाहीतर साइट बंद, अशी नोटीस आली.

"गाणी डिस्कवर उतरवून कपाटात ठेव," मृदुलाचा नवरा श्रीनिवास म्हणाला. "बुडत तर नाहीत ना ती?"

"कपाटातलं गाणं ऐकणार कोण? मी आणि वाळवी?"

त्या दिवशी ती जेवली नाही. आईने मरताना दागिन्यांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं; "बाईंचं गाणं लोकांच्या कानांत राहू दे" एवढंच म्हटलं होतं. आणि मृदुलाच्या हातून तेवढंही होत नव्हतं.

अशात एके दिवशी डॉ. कृपा लांजेकर दारात उभी राहिली. पस्तिशीची, पायांत मातीने लाल झालेले बूट. तिचे आजोबा 'कालिंदीगान'चे जुने सभासद. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली. कोकणातल्या जांभ्या दगडाचा अभ्यास करायला वर्षभरासाठी इथल्या कॉलेजात आली होती, आणि येताना एक यंत्र घेऊन आली होती.

"जांभ्यात लोखंडाचं ऑक्साइड असतं," ती मृदुलाला प्रयोगशाळेत सांगत होती. "त्याचा प्रत्येक कण म्हणजे इवलंसं चुंबक. दगड तयार होताना पृथ्वीचं चुंबकत्व कुठल्या दिशेला होतं, ते या कणांनी धरून ठेवलेलं असतं. मी ते वाचते. आता गंमत बघा ताई, कॅसेटच्या तांबूस फितीवर जे फासलेलं असतं तेही याच जातीचं ऑक्साइड. म्हणजे तुमची कॅसेट हा माझ्या दृष्टीने लांबलचक, पातळ जांभाच आहे."

"मग?"

"आपण रेकॉर्ड करतो तेव्हा या कणांना आवाजाच्या तालावर उभं करतो. पुसतो तेव्हा त्यांना गदागदा हलवून विस्कटतो. पण घरगुती टेपरेकॉर्डरचं पुसणं म्हणजे कामचुकार माणसाने काढलेला केर. मधे साफ, कडांना तसाच. प्रत्येक रेकॉर्डरचं डोकं, म्हणजे हेड, केसभर वर-खाली बसवलेलं असतं, त्यामुळे नव्या आवाजाच्या कडेने जुन्याची एक बारीक किनार शिल्लक राहते. साध्या डेकला ती ऐकू येत नाही. याला येते."

यंत्राच्या टोकाशी हिऱ्याचा एक कण होता. त्यात मुद्दाम एक खोट ठेवलेली, म्हणजे कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा. हिरवा लेसर पडला की ती खोट तांबडी उजळायची, आणि जवळ जरासं जरी चुंबकत्व आलं तरी तिचं उजळणं बदलायचं. फितीच्या कडेवरून हा हिरा मुंगीच्या गतीने फिरवायचा, वरचं गाणं गणिताने वजा करायचं. खाली उरेल तो पुसलेला आवाज. एका कॅसेटला अख्खा दिवस लागायचा. कृपाने यंत्राला 'तळवाचक' असं नाव ठेवलं होतं.

दोघींचा विचार सरळ होता. चाहत्यांनी बाईंच्या एका मैफलीवर दुसरी मैफल घेतली असेलच. खालची सापडली तर नवं गाणं मिळेल आणि सभासद परततील. म्हणून लांज्याच्या एका सभासदाची कॅसेट लावली. वरचा मारवा वजा झाला आणि खालून एका तरुण पुरुषाचा आवाज आला, "आई, मी बापू बोलतोय, मस्कतहून. तुझा पाय कसा आहे?"

त्या काळी आखातात कामाला गेलेली कोकणातली माणसं पत्राऐवजी कॅसेट धाडायची. घरच्यांना वाचता यायचं नाही, आणि फोन परवडायचा नाही. मग घरात सगळ्यांनी भोवती बसून कॅसेट ऐकायची, ऐकून ऐकून मन भरलं की ठेवून द्यायची, आणि रेडिओवर चांगलं गाणं लागलं आणि हाताशी कोरी कॅसेट नसली की त्याच्यावरच घ्यायची. माणूस जिवंत होता, पुढच्या महिन्यात नवी कॅसेट येणार होती. कोण कशाला जपून ठेवतंय?

लांज्याच्या सभासदाने चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचा आवाज ऐकला आणि फोनवर तो लहान मुलासारखा रडला. ही बातमी जी पसरली, ती वणव्यासारखी. महिन्याभरात 'कालिंदीगान'ला पूर्वी कधी नव्हते इतके सभासद मिळाले. मृदुलाने त्यांच्यासाठी 'तळ-सभासद' असा वेगळा वर्ग काढला, वर्गणीही चढी ठेवली. आवाज हाती पडला की ती साइटच्या खात्यात जमा व्हायची. मार्चअखेरचं भाडं निघणार असं दिसू लागलं.

मात्र मृदुलाने एक नियम केला, की कॅसेटवर कालिंदीबाईंचं गाणं असेल तरच ती घ्यायची.

"असं का?" कृपाने विचारलं.

"का म्हणजे? ही साइट कुणाची आहे? उद्या कुणी लग्नाचा बँड घेऊन येईल, कुणी निवडणुकीचं भाषण. बाई राहतील कोपऱ्यात."

खरं तर बाई आधीच कोपऱ्यात गेल्या होत्या. नव्या सभासदांतला एकही जण गाणं उघडून ऐकत नव्हता; साइटची आकडेवारी ते रोज दाखवत होती. मृदुलाला ते लागत होतं, आणि म्हणूनच ती नियमाला घट्ट धरून बसली होती.

याच दिवसांत हलीमा होडेकर आल्या. रत्नागिरीतल्याच राजिवड्याच्या, सत्तरी उलटलेल्या, गुडघे धरत धरत जिना चढून. ओढणीत गुंडाळलेली कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली.

"बाय, ह्याच्यात माझे मालक हायत. दम्मामला व्हते. थयच वारले, थयच पुरले. ही त्यांची शेवटची कॅसेट. दर जुम्म्याला ऐकतंय. पन आता आवाज लय बारीक झाला. बुरशीन खाल्ला काय म्हाईत नाय. तुमी आवाज वर काढून देता असा लोक बोलतात."

"खाला, यावर कालिंदीबाईंचं गाणं आहे का?"

"कोन बाय?"

"कालिंदी मांद्रेकर. गायिका."

"नाय बा. फक्त मालक हायत."

खोलीत तीन माणसं खोळंबली होती, फोन वाजत होता. मृदुलाने कॅसेट परत ओढणीत ठेवली. "मग नाही घेता येणार, खाला. नियम आहे. बाईंचं गाणं असलेल्याच कॅसेट आम्ही घेतो."

हलीमाखालांनी एकदा कॅसेटकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या कालिंदीबाईंच्या फोटोकडे. "बरा," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मृदुला भाजी आणायला बाजारात गेली, तर मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानावर नवी पाटी दिसली: 'इथे कालिंदीबाई भरून मिळतील'. ती खुदकन हसली. पूर्वी लोक दुकानात जाऊन आवडीची गाणी कॅसेटमधे भरून घ्यायचे, तशीच ही पाटी. इतक्या वर्षांनी बाईंच्या नावाचं दुकान! तिला इतकं भरून आलं की तिने पाटीचा फोटो काढला आणि साइटच्या पहिल्या पानावर लावला. 'बाई पुन्हा बाजारात!' अशी ओळही खाली लिहिली. ज्यांच्याकडे कोरी कॅसेट आहे तेच भरून घेतील, दुसरं कोण घेईल, असं ती धरून चालली. आपलं आपल्याला किती गोड वाटावं याला काही सुमार?

त्यानंतर हलीमाखाला पुन्हा आल्या. या वेळी चेहरा उजळलेला.

"आता घ्याल ना, बाय? कालिंदीबाय भरून आनल्या. दोनी बाजूंना."

मृदुलाला आधी कळलंच नाही. मग तिची नजर ओढणीतल्या कॅसेटवर गेली.

"कोणत्या कॅसेटवर, खाला?"

"हीच ती. मालकांची."

"अहो, मग मालकांचा आवाज?"

"तो खाली गेला ना! तुमी खालचाच काढून देता. वरती असला तर घेत नाय, तुमीच बोललाव." खाला समजावणीच्या सुरात बोलत होत्या, जणू मृदुलाच अडाणी होती. "मी म्हटला, खाली असला तर बराच हाय. पेटीत तळाला ठेवलेली वस्तू चोरालापन गावत नाय."

मृदुलाने कॅसेट साध्या डेकमध्ये घातली. कालिंदीबाईंचा यमन खणखणीत वाजू लागला. इतका स्वच्छ यमन तिच्या साइटवर एकच होता. दुकानदाराने तिथूनच घेतला होता. उलट्या बाजूलाही तेच. तिने बटण बंद केलं आणि तिला रडू फुटलं. त्या दिवशी हीच कॅसेट याच डेकमध्ये घालून आवाज थोडा मोठा करून दिला असता, तर काम झालं असतं. तळवाचकाची गरजच नव्हती. त्या बाईचा नवरा वरच होता, आणि आपण त्याला खाली पाठवला.

"काय झाला, बाय? रडता कशाला?"

"काही नाही खाला. काढते मी. काढून देते." असं ती म्हणाली खरी, पण मनातून पार हादरली होती.

कृपाने कॅसेट तपासली आणि खुर्चीत मागे टेकली. "जुन्या रेकॉर्डरचं पुसणं कच्चं होतं म्हणून आपलं चालत होतं, ताई. या दुकानदाराकडचं डेक नव्या बनावटीचं आहे. डोकं बरोब्बर मधोमध, आणि पुसायला जोर दांडगा. कडेला जवळजवळ काही नाही."

"जवळजवळ म्हणजे काहीतरी आहे."

"आवाजाच्या ढिगाऱ्यात पुरलेली एखादी सुई असेल. मिळवायची तर हिरा याच फितीवरून पुन्हा पुन्हा फिरवायला हवा. जमतील तितक्या वाचनांची सरासरी काढली की खरखर कमी होते, जे कायम असतं ते टिकतं. पण महिनाअखेरीला माझं इथलं वर्ष संपतं आणि यंत्र पुण्याला परत जाणार आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. उरलेले सगळे दिवस या एका कॅसेटला गेले, तर रांगेतल्या सभासदांचं काय?"

मृदुलाला ते चांगलंच ठाऊक होतं. रांगेतल्या लोकांना आवाज मिळाला नाही तर त्यांची वर्गणी जमा होणार नाही; वर्गणी नाही तर भाडं नाही; भाडं नाही तर कालिंदीगान नाही. एका पारड्यात आईचा शब्द आणि बाईंचं सगळं गाणं, दुसऱ्यात राजिवड्याच्या एका म्हातारीचा नवरा, तोही मिळेल की नाही याची खात्री नाही.

"लाव ती कॅसेट," ती म्हणाली.

"ताई, विचार करा."

"विचार त्या दिवशी करायला हवा होता. तेव्हा मी नियम सांगत बसले."

तिने सभासदांना कळवलं. पुढचे दोन दिवस फोन थांबेना. शिव्या तिने ऐकून घेतल्या. पण चिपळूणहून एका बाईंचा फोन आला, त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "माझ्या आईचा नंबर पुढच्या सोमवारी होता हो. ती कशी बोलायची ते मी ऐकलंच नाहीये, मी तान्ही होते. आमचं काय चुकलं?" "माफ करा" एवढंच मृदुला म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. कुणाचा तरी मेलेला माणूस दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाच्या पुढे घ्यायचा, हा अधिकार तिला दिला कुणी? एकाचं भलं करायला जावं, तर दहांचं वाटोळं.

श्रीनिवासने तिला हाताला धरून उठवलं. या वेळी तो डिस्कचं आणि कपाटाचं काही बोलला नाही.

महिना सरत आला तरी तळवाचकातून खरखरीशिवाय काही निघेना. तेव्हा कृपाने शेवटचा उपाय काढला. "काय शोधायचं ते आधीच माहीत असेल, तर ढिगाऱ्यातून ते लवकर सापडतं. गर्दीत अनोळखी माणूस शोधणं वेगळं आणि आपला भाऊ शोधणं वेगळं. पत्रातले शब्द, त्यांच्यातली अंतरं कळली, तर यंत्र नेमक्या त्या ठिकाणी नेमका तो शब्द आहे का ते तपासेल. पण ते शब्द सांगणार कोण?"

"खाला सांगतील," मृदुला म्हणाली. "दर शुक्रवारी ऐकत होत्या त्या."

हलीमाखाला प्रयोगशाळेत आल्या. माइकसमोर बसल्या, डोक्यावरची ओढणी सारखी केली, डोळे मिटले आणि बोलू लागल्या. एक शब्द अडला नाही.

"हलीमा, सलाम. मी खुशाल हाय. हितं थंडी पडलीया. सामान धाडलंय, निळी पिशवी तुझी, दुसऱ्या कुनाला देव नको. अब्बांच्या डोळ्यांचा बग. परसातला फनस कापू नको, मी आल्यावर बगू…"

जिथे मालक थांबले होते तिथे खाला थांबत होत्या, गुडघ्यावर बोट आपटून ती शांतता मोजत होत्या. पत्र जसं पुढे गेलं तसा त्यांचा आवाज ओला होत गेला. "ईदीला येतंय," या वाक्यावर तर तो पार फुटला. ईद यायच्या आधीच मालक वारले होते. कृपाने तोंड फिरवलं. मृदुला उघड रडत होती.

दोन दिवसांनी यंत्रातून पत्र निघालं. संपूर्ण. पुरुषाचा आवाज, दुःखाने जड झालेला, प्रत्येक शब्द जागच्या जागी. मृदुलाने आनंदाने कृपाचे दोन्ही हात धरले. कृपाचे हात मात्र गार होते.

"ताई, मला शंका आली म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. बाजारातून कोरी कॅसेट आणली. तिच्यावर तोच यमन भरला. आणि तिला हीच किल्ली लावली, खालांच्या बोलण्याची." तिने बटण दाबलं. तोच आवाज आला. 'हलीमा, सलाम. मी खुशाल हाय.' तेच थांबे, तेच दुःख.

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्राला जे शोधायला सांगितलं ते त्याला खरखरीतही सापडतं. ढगाकडे टक लावून बघितलं की हत्ती दिसतो ना, तसं. शब्द खालांचे, चाल खालांची, आणि आधी काढलेल्या इतर कॅसेटपत्रांवरून घेतलेला पुरुषी गळा. यात होडेकर नाहीत."

साइट गेल्यात जमा होती, चिपळूणच्या बाईंची आई गेली होती, आणि त्याच्या बदल्यात हाती आला होता हा भास.

"किल्ली न लावता काहीच नाही?"

कृपा जरा घुटमळली. "एका ठिकाणी आहे. फितीला तिथे घडी पडली होती, त्यामुळे ती दुकानदाराच्या डेकवर नीट टेकली नाही. सगळ्या वाचनांत तो भाग कायम टिकलाय. पण तो शब्दही नाही, ताई. एक श्वासभर काहीतरी आहे."

"खालांना काय द्यायचं मग? ते पूर्ण पत्र दिलं तर त्या सुखाने जातील गं. कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळेल," कृपा म्हणाली. "मलाही."

मार्चचा शेवटचा दिवस. पुण्याहून आलेली माणसं यंत्र पेटीत भरत होती. हलीमाखाला खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर ओढणी पसरून, जणू आवाज त्या ओढणीतच बांधून न्यायचा होता. मृदुलाने सगळं सांगितलं. पत्र यंत्राने तुमच्या बोलण्यावरून बनवलंय, तेही. आणि त्या दिवशी कॅसेट परत केली ही चूक माझी, तेही. खालांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. "लावा तर खरा," त्या म्हणाल्या.

तिने पत्र लावलं. खाला मान तिरकी करून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "चांगला बोलतो. पन हा कोन? हा माझेच शब्द माझ्यासारखा बोलतो."

मृदुलाच्या टेबलावरचा फोन थरथरला. कोठाराचा संदेश होता. मुदत संपल्यामुळे 'कालिंदीगान' बंद करण्यात आलं होतं. तिने तो वाचला, फोन पालथा घातला. तिला वाटलं होतं आपण कोसळू. पण समोर खाला बसल्या होत्या आणि अजून एक गोष्ट लावायची होती.

"खाला, हे एवढंच खरं आहे. फणसाच्या वाक्यानंतरचं. शब्द नाही त्यात."

तिने बटण दाबलं. खरखर, मग खरखरीच्या पलीकडून पुरुषाचं हसू. लहानसं, दाबलेलं, खोलीत दुसरं कुणी झोपलेलं असताना माणूस हसतो तसं.

खालांचे हात ओढणीवर थांबले. "परत लावा."

तिने परत लावलं. खालांनी डोळे मिटले नाहीत. उघडे, विस्फारलेले डोळे त्या छोट्या स्पीकरवर लावून त्या ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलले, मग गालांवरच्या सुरकुत्या हळूहळू वर सरकल्या.

"फनसावरना आमचा भांडान झालेला," त्या म्हणाल्या. "मी बोलले कापते, ते बोलले नको. त्याच्यावर हसले ते." मृदुलाने त्यांचा हात हातात घेतला.

"ह्या मी साफ इसरले होते, बाय. पत्र सगळा पाठ, पन त्यांचा हसना इसरले. ते वारले तसा मना ता रडका पत्रच वाटाय लागला." त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि स्पीकरकडे बघून मान हलवली. "चाळीस वर्सा मी त्यांना रडवतच होते गो."